गोडाची ओढ, खाऱ्याची आवड आणि अस्वादाचे व्रत

चॉकलेट दिसले की हात आवरत नाही, हा मनाचा दुबळेपणा आणि गोड सोडणे हे संयमाचे लक्षण, अशी समजूत आज घरोघरी आहे. तिच्याच पाठोपाठ दुसरी एक समजूत येते. ज्याला मुळातच गोड आवडत नाही, जो पंगतीत जिलेबीला नको म्हणतो आणि मठ्ठा नि भजी पुन्हा मागून घेतो, त्याचा जिभेवर जास्त ताबा आहे असे लोक धरून चालतात. भारतीय धर्मविचाराने या दोन्ही समजुती कधी मान्य केलेल्या नाहीत. कोणती चव चांगली आणि कोणती वाईट याची चर्चा तिथे आहे, पण ती दुय्यम आहे. मुख्य विचार आहे तो चवीची माणसावर किती सत्ता चालते याचा. आणि जिथे ग्रंथांनी चवींची प्रतवारी लावलीच आहे, तिथे ती बहुतेक वेळा आजच्या समजुतीच्या उलट निघते: गोड वरच्या पंक्तीला बसते आणि चमचमीत खाली येते.

धार्मिक व्यवहारात गोड आणि खारे एकमेकांशेजारी कसे नांदतात हे पाहायला चंडीगडचा इंडस्ट्रियल एरिया चांगली जागा आहे. रेल्वे स्टेशनला लागून असलेली ही कारखान्यांची वसाहत शहराच्या मूळ आराखड्यातच राहत्या सेक्टरांपासून झाडांच्या पट्ट्याने वेगळी ठेवलेली आहे. फेज एकमध्ये 2013 साली एलांते मॉल उघडला आणि लेथ मशिनच्या शेजारी चॉकलेटची दुकाने आली. पण इथल्या कामगारांच्या वर्षाचा आखीव क्रम वेगळाच आहे. जेठ महिन्यात गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिवसाच्या सुमारास शहरभर रस्त्याकडेला छबील लागते. मोठ्या पातेल्यात बर्फ, पाणी, दूध आणि गुलाबाचे सरबत घोळलेले असते, सेवा करणारी मुले येणाऱ्याजाणाऱ्यांची वाहने थांबवून पेले हातात देतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यासोबत पानाच्या द्रोणात मीठमसाल्याचे चणे मिळतात. 1606 साली लाहोरात तापलेल्या तव्यावर बसवून ज्या गुरूंचा छळ झाला, त्यांची आठवण गार आणि गोड पाण्याने जागवायची, ही कल्पनाच मोठी आहे. नवरात्रातल्या अष्टमीला कंजक बसतात, म्हणजे आपल्याकडचे कुमारिकापूजन. मुलींच्या ताटात शिरा, पुरी आणि काळे चणे असतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पंजाबी कारखानदार विश्वकर्म्याची पूजा करतात. यंत्रे बंद ठेवून पुसतात, त्यांना टिळा लावतात आणि लाडूजिलेबीबरोबर पकोडे वाटतात. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे कामगार छठ करतात. तिच्या दुसऱ्या संध्याकाळी, खरना या दिवशी, व्रतस्थ बाई गुळाची खीर आणि पोळी खाते. त्या जेवणात मीठ नसते, आणि तिथून पुढे पाणीही न घेता सुमारे छत्तीस तास उपास चालतो.

या सगळ्यांत एक गोष्ट लक्षात येते. छठसारखे कठोर व्रत आले की आधी मीठ जाते. गूळ राहतो.

छबिलीच्या रिवाजामागे शीख गुरूंची जी वाणी आहे, तिने चवीचा प्रश्न फार नेमका मांडला आहे. गुरू नानकांचे सिरी रागातले एक पद चवींवरच रचलेले आहे. परमेश्वराला मनाने मानणे ही गोडी, त्याचे नाव कानांनी ऐकणे हा खारेपणा, मुखाने उच्चारणे हा आंबटपणा, आणि गाण्याचा नाद हा मसाला, असा त्याचा आशय आहे. पुढे ते सांगतात की जे खाल्ल्याने शरीराला पीडा होते आणि मनात विकार चालू लागतात, ते खाणे वाया गेले. या पदात एकाही चवीला हद्दपार केलेले नाही. गोडाइतकाच मान खाऱ्याला आहे, मसाल्यालाही आहे. कसोटी आहे ती खाण्याने शरीराचे आणि मनाचे काय होते याची. नामदेवांची 61 पदे ज्या ग्रंथात आहेत, त्याच गुरू ग्रंथ साहिबात हे पद आहे, आणि नामदेवांच्या उत्तरायुष्याची स्मृती सांगणारे घुमाण पंजाबातच, गुरदासपूर जिल्ह्यात आहे. मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये.

चवींची उघड प्रतवारी भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. सात्त्विक माणसाला आवडणारा आहार रसाळ, स्निग्ध, टिकाऊ पोषण देणारा आणि मनाला रुचणारा सांगितला आहे. राजस आहाराच्या यादीत तिखट, आंबट, खारट, फार गरम, झणझणीत, कोरडे आणि जळजळ करणारे पदार्थ येतात. तामस आहार म्हणजे शिळे, नासके, उष्टे. राजस यादीत जिभेच्या चवींची नावे घेतलेली आहेत, पण त्यांत गोड नाही. ज्ञानेश्वरांनी या श्लोकावर लिहिताना राजस माणसाच्या खाण्याचे वर्णन मोठ्या विस्ताराने केले आहे. गोडाला त्यांनीही त्या यादीत ओढलेले नाही. शेव, मिसळ, तिखटजाळ रस्सा आणि लिंबू पिळलेला चिवडा यांवर जगणाऱ्या माणसाने या अध्यायाकडे वळल्यास त्याला आपले वर्णन कुठे आहे हे शोधावे लागणार नाही.

आयुर्वेद याच दिशेने बोलतो. सहा रसांत मधुर पहिला. शरीराचे धातू वाढवणारा, बळ देणारा म्हणून त्याची गणना होते, आणि जेवणात गोड आधी खावे असे सुश्रुतसंहिता सांगते. चरकसंहितेच्या विमानस्थानात तीन द्रव्यांचा अतिवापर टाळायला सांगितला आहे: पिंपळी, क्षार आणि मीठ. गोडाच्या अतिरेकाचे दुष्परिणाम चरकाला ठाऊक होते, मधुमेहाचे वर्णन त्याच परंपरेत आहे. तरी रोजच्या ताटातल्या ज्या गोष्टीपासून जपायचे, ती म्हणून त्याने साखरेचे नाव घेतलेले नाही, मिठाचे घेतले आहे. अर्थात त्या काळी गोड दुर्मीळ होते. मध झाडावरून काढावा लागे, ऊस गाळावा लागे. पैसे टाकले की रात्री बारा वाजता चॉकलेट दारात येते, अशा काळासाठी ती प्रतवारी लिहिलेली नाही. ही मर्यादा मान्य करूनच ग्रंथ वाचले पाहिजेत.

मराठी घरातला नैवेद्य हीच प्रतवारी पाळतो. देवाच्या पानात मीठ वाढत नाहीत. गणपतीला एकवीस मोदक, होळीला पुरणपोळी, सत्यनारायणाला सव्वाच्या मापाने केलेला रव्याचा शिरा. पण याच महाराष्ट्रात देवांची आवड एकसुरी नाही, आणि हे विसरले तर चित्र खोटे होते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा लागतो, सोबत कांद्याची पात. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे आणि कांदा त्या दिवशी देवाच्या पानातून घरात परत येतात. गावोगावच्या देवींना मटणाचा नैवेद्य चढतो. आणि वारकऱ्यांचा सगळ्यात मोलाचा प्रसाद खारटच आहे. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात काला होतो. पोहे, लाह्या, दही, लोणचे, मीठमिरची असे ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र कालवतात आणि एकमेकांच्या तोंडात घालतात. त्यात कुणाची चव कुणाची हे उरत नाही, जातही उरत नाही. संतांनी सांगितलेल्या कथेप्रमाणे कृष्णाचा हा काला मिळावा म्हणून देव यमुनेत मासे होऊन आले. गवळ्यांची पोरे हात धुवायला पाण्यात उतरतील आणि उष्टे कण आपल्याला मिळतील, अशी त्यांची आशा होती. कृष्णाने ते ओळखले आणि पोरांना हात घोंगडीलाच पुसायला लावले. ज्या कणांसाठी देव ताटकळले ते दहीमिठाचे होते, पंचपक्वान्नांचे नव्हते.

मासा भागवताच्या अकराव्या स्कंधात पुन्हा येतो, वेगळ्या कामासाठी. अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंत मासा आहे. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीपायी तो जीव गमावतो आणि जिभेचे ऐकण्याची किंमत शिकवतो. याच ठिकाणी भागवतात एक बारकाईचे निरीक्षण आहे, ते उपास करणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेले असते. अन्न तोडले की बाकीची इंद्रिये मंदावतात, जीभ मात्र अधिकच वखवखते. म्हणून तिला जिंकल्याशिवाय इंद्रिये जिंकली असे म्हणता येत नाही. एकनाथांनी या स्कंधावरचे आपले मराठी भाष्य 1573 साली काशीत पूर्ण केले आणि हा माशाचा धडा मराठी घरांत पोचवला. दोन्ही कथांतल्या माशांना चवीने खेचले. एकात चव मरणाकडे नेते, दुसऱ्यात चवीच्या ओढीने देव माणसांच्या उष्ट्यापाशी येतात. ओढ दोन्हीकडे सारखीच आहे, ती कशापाशी नेऊन पोचवते यात फरक आहे.

उपनिषदांना तर चवीबद्दल संकोचच नाही. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ब्रह्म समजावून देतो. आधी तो मधाचे उदाहरण घेतो: मधमाश्या वेगवेगळ्या झाडांचा रस आणून एक करतात, मग त्या रसाला मी अमुक झाडाचा हे भान राहत नाही. काही खंडांनंतर तो मुलाला रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतो. सकाळी मीठ दिसत नाही. वरचे पाणी चाखायला लावतो, मधले, तळचे. सगळीकडे खारट. डोळ्यांना न दिसणारे जिभेने कळले. एकाच शिकवणीत गोड आणि खारे दोघांना साक्षीदार म्हणून उभे केले आहे, आणि शेवटची, सगळ्यात ठसणारी साक्ष मिठाची आहे. तैत्तिरीय उपनिषद परब्रह्मालाच रस म्हणते. ज्या परंपरेत ब्रह्माचे ज्ञान चाखून होते, तिथे चाखणे हे मुळातच अपवित्र असू शकत नाही. मग संयम कशाचा करायचा?

जैन धर्माने याचे उत्तर सगळ्यात व्यवस्थित आखून दिले आहे. तत्त्वार्थसूत्रात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. अजिबात न खाणे हे पहिले, भुकेपेक्षा कमी खाणे दुसरे, आणि चौथे रसपरित्याग, म्हणजे खायचे पण चव देणारी द्रव्ये सोडून. दिगंबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ असे सहा रस मानतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या दिगंबर घरांतून वाराप्रमाणे एकेक रस सोडण्याचा नेम पाळणारी माणसे भेटतात, रविवार मिठाचा. श्वेतांबरांचे आयंबिल याहून कडक. दिवसातून एकदा, दूध, दही, तूप, तेल, गूळसाखर यांतले काहीही नसलेले उकडलेले धान्य. चैत्रात आणि आश्विनात नऊ नऊ दिवसांची ओळी असते, आणि मुंबईपुण्यातल्या आयंबिलशाळांत तेव्हा व्यापारी, विद्यार्थी, गृहिणी एका रांगेत बसून ते अन्न खातात. सहा रसांच्या आखणीत गोड आणि मीठ एकाच यादीत आहेत. एकाला मोह आणि दुसऱ्याला सोय असे म्हटलेले नाही. सहाच्या सहा रसांकडे जीभ धावते, म्हणून सहांनाही आळीपाळीने दूर ठेवायचे. चवीबद्दल इतकी समबुद्धी दुसऱ्या कुठल्या आचारात क्वचितच आढळते.

बौद्ध परंपरेत मात्र गोडाकडे बोट दाखवणारी एक कथा आहे, आणि ती टाळून चालणार नाही. दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात जगाच्या आरंभी प्रकाशमय जीव अंतराळात विहरत असतात. पाण्यावर साय धरावी तशी रसमय पृथ्वी पसरते. तिचा रंग तुपासारखा, गोडी शुद्ध मधासारखी. एक जीव बोटाने चाखून पाहतो, दुसरे त्याचे अनुकरण करतात, तृष्णा जन्मते, आणि हळूहळू तेज जाऊन शरीरे जड होतात. माणसाच्या अधोगतीची सुरुवात इथे गोडाच्या एका बोटाने होते. पण त्याच परंपरेत सुजाताने दिलेली खीर खाऊन सिद्धार्थ बोधीच्या आसनावर बसतो, आणि विनयाचे नियम आजारी भिक्षूला तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी औषध म्हणून सात दिवस जवळ बाळगू देतात. तोच मध एका ठिकाणी तृष्णा, दुसऱ्या ठिकाणी औषध. पदार्थ बदललेला नाही, घेणाऱ्याचे मन बदलले आहे.

अन्न औषधासारखे घ्यावे हा विचार आधुनिक काळात मोहनदास गांधींनी व्रताच्या पायरीला नेला, आणि ते लेखन झाले पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात. 6 एप्रिल 1930 रोजी दांडीला त्यांनी मिठाचा कायदा मोडला. मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांना अटक करून येरवड्याला आणले. तिथून ते दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर साबरमतीच्या आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत. पुढे ही पत्रे ‘मंगलप्रभात’ या नावाने पुस्तकरूपात आली. त्यांतले एक पत्र अस्वादावर आहे. औषध गोड की कडू हे न पाहता, शरीराला हवे तेवढेच घेतात, तसेच अन्न घ्यावे, ही त्यातली मूळ भूमिका. मग उदाहरण येते ते मिठाचे. चव वाढवायला, बदलायला किंवा बेचवपणा घालवायला अन्नात मीठ घातले तर व्रत मोडले. प्रकृतीसाठी ठरावीक प्रमाणात मीठ लागते असे वाटून घातले तर मोडले नाही. बाहेर हजारो माणसे मिठासाठी लाठ्या खात होती, गरिबाच्या ताटातले मीठ हा त्याचा हक्क आहे म्हणून गांधी स्वतः कैदेत होते, आणि त्याच तुरुंगातून ते आश्रमवासीयांना मिठाच्या चिमटीमागचा हेतू तपासायला सांगत होते. यात विसंगती नाही. मीठ दुसऱ्याने हिरावून घेणे हा अन्याय आहे, आणि स्वतःच्या हाताने ते बाजूला ठेवता येणे हे स्वातंत्र्य आहे. पहिले नसेल तर दुसऱ्याला अर्थच उरत नाही. ज्याच्या ताटात मुळात मीठ नाही त्याला अळणी खाण्याचे पुण्य सांगणे क्रूरपणाचे होईल.

त्याच पत्रात गांधींनी आईबापांनाही धरले आहे. खोट्या मायेपोटी मुलांना नाना चवी लावतात आणि त्यांची जीभ बिघडवतात, असे ते म्हणतात. विनोबांनी आश्रमाची अकरा व्रते पद्यात बांधली, त्यांत अस्वाद आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, त्यांत सतराव्या अध्यायाच्या निमित्ताने आहारशुद्धीचा विचार येतो.

आता मुळातच गोड न आवडणाऱ्या माणसाकडे वळता येते. जिभेच्या आवडी पुष्कळशा जन्माने आणि वयाने ठरतात. नवजात बाळाच्या ओठांना गोड लावले की त्याचा चेहरा खुलतो, कडू लावले की आक्रसतो. मिठाची आवड काही महिन्यांनी येते. पौगंडावस्था संपता संपता फार तीव्र गोडाची ओढ बहुतेकांत आपोआप कमी होते. मांजराला तर गोड कळतच नाही. गोडाची जाणीव देणाऱ्या ग्राहकाचा एक जनुक मांजरकुळात निकामी आहे, हे 2005 साली संशोधनातून पुढे आले. पेढ्याच्या ताटाला मांजर तोंड लावत नाही यात त्याचे तप नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हाच भेद केला आहे: न खाणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मनातून जात नाही, ती जाते परमतत्त्वाचे दर्शन झाल्यावर. ज्याला गोडी नव्हतीच त्याच्या बाबतीत जाण्यासारखे काही नव्हते. त्याची परीक्षा तिथे घ्यावी जिथे त्याची जीभ हलते. दुपारी चार वाजता चहासोबत कचोरी, चकली किंवा शेवेचा बकाणा मिळाला नाही तर तो चिडचिडा होतो का, जेवणात लोणचे नसेल तर घरच्यांना बोलतो का, हे पाहावे. तसे होत असेल तर चॉकलेटच्या वेडापायी रात्री कपाट धुंडाळणारा माणूस आणि तो एकाच जागी उभे आहेत.

चॉकलेटपुरते बोलायचे तर गोडपणा त्याच्या जन्माचा नाही. मध्य अमेरिकेतल्या माया आणि अॅझ्टेक लोकांत कोको हे कडवट पेय होते. मिरची आणि सुगंधी द्रव्ये घालून, फेस काढून ते पीत, देवांच्या विधींतही वापरीत. साखर त्यात युरोपीयांनी घातली आणि मग धर्मापुढे एक पेच उभा राहिला: कॅथलिक उपासाच्या दिवशी चॉकलेट प्यायले तर उपास मोडतो का? 1636 साली माद्रिदमध्ये आंतोनियो दे लेऑन पिनेलो याने या एका प्रश्नावर अख्खे पुस्तक लिहिले. जेझुइट बहुधा सवलतीच्या बाजूचे, डॉमिनिकन विरोधात. पुढे 1664 मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी पेयाने उपास मोडत नाही, या तत्त्वाच्या आधारे चॉकलेटला मोकळीक दिली. वाद तांत्रिक दिसतो, पण त्याच्या तळाशी खरी चिंता आहे. नियमाच्या शब्दांत बसणारी वस्तू नियमाच्या हेतूला मारत असेल तर काय करायचे?

हा पेच मराठी एकादशीला जवळचा आहे. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि हिरवी मिरची यांवाचून आपला उपास होत नाही, आणि साबुदाणा ज्यापासून करतात त्या कंदासह ही सगळी पिके कोकोप्रमाणेच अमेरिका खंडातून आली. जुन्या शास्त्रकारांना त्यांची नावेही ठाऊक नव्हती. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत हविष्यान्नाची, म्हणजे व्रतात चालणाऱ्या अन्नाची, जी प्रसिद्ध यादी मिळते तिच्यात जव, तीळ, मूग, दही, तूप आहे, मिठांपैकी सैंधव आणि समुद्रमीठ चालते, आणि उसाचे पदार्थ गूळ वगळून चालतात. दुसऱ्या एका सुपरिचित वचनात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध येतात. अक्षराला धरून पाहिले तर धान्य नसलेले दूधसाखरेचे चॉकलेट एकादशीला खपवता येईल, तशीच तुपातली साबुदाणा खिचडी खपली आहे. पण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या लोकांनी घडवली, त्यांना नियमाचा हेतू कुठे निसटतो हे नेमके कळले होते.  उपासाच्या दिवशी इतर दिवसांपेक्षा चविष्ट जेवण होत असेल, तर त्या दिवसाला उपास म्हणण्यापेक्षा सण म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे.

प्रकृतीच्या अंगानेही खाऱ्याला मोठेपणा देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, आणि वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत. दोन्हींना मर्यादा आहे. फरसाणाच्या पुडीत मिठाबरोबर तेलही असते. आरोग्यासाठी गोड सोडून फरसाणाकडे वळणे हा त्याग नव्हे, बदली आहे. शिवाय आरोग्यासाठी सोडणे आणि धर्मासाठी सोडणे यांत फरक करायला हवा. आरोग्याचे पथ्य शरीराकडे पाहते, परिणाम दिसला की संपते किंवा बदलते. व्रत आवडीकडे पाहते.

म्हणूनच रूढीत सोडण्याची वस्तू आवडीची असावी लागते. काशीगयेची यात्रा करून आलेली माणसे तिथे एखादे फळ, एखादी भाजी कायमची सोडून येतात, आणि ती आवडती असली पाहिजे असा संकेत आहे. कारले न खाणाऱ्याने कारले सोडले तर ते कुणी मोजत नाही. चातुर्मासाच्या शास्त्रात श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात डाळी वर्ज्य सांगितल्या आहेत. चारांत साखर कुठेच नाही. गूळ सोडण्याचा वेगळा नेम आहे, आणि त्याचे फळ म्हणून गोड आवाज सांगितला आहे. गोड सोडल्याबद्दल गोडच मिळते, यावरून गोडाला त्या परंपरेने शत्रू मानले नव्हते हे उघड आहे. आज कुणाला चातुर्मासाचा नेम धरायचा असेल, तर चॉकलेटवेड्याने चॉकलेट सोडावे, शेवचिवडावाल्याने शेवचिवडा. दोघांनीही साखर सोडण्यात न्याय नाही.

प्रसादाचा नियम याहून वेगळ्या बाजूने येतो. गुरुद्वारात कडाह प्रसाद ओंजळीत घेतात. कणीक, तूप आणि साखर समभाग. जो येईल त्याला तोच घास, राजा असो वा रंक. तिथे गोड आवडते का असे कुणी विचारत नाही, आणि घेणाऱ्यानेही विचारात घ्यायचे नसते. गोड न आवडणाऱ्याची कसोटी तिथे लागते, आणि गोडघाशाची लागते चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्यापुढे. अस्वादात माणूस चव बाजूला ठेवतो, प्रसादात निवड बाजूला ठेवतो. दोन्हींत जिभेचा हुकूम चालत नाही एवढे साम्य आहे, आणि साधनेच्या दृष्टीने प्रसादाची वाट अधिक माणुसकीची आहे, कारण तिच्यात अन्न करणाऱ्याचा आणि वाढणाऱ्याचाही मान राहतो. मधुमेह्याने कडाह प्रसादाचा कण तोंडात टाकून उरलेला शेजारच्याला द्यावा, रक्तदाबाच्या माणसाने काल्यातली लोणच्याची फोड बाजूला काढावी. यात अनादर होत नाही. औषध घेतल्याने जसे व्रत मोडत नाही, तसे पथ्य पाळल्यानेही प्रसाद नाकारल्याचा दोष लागत नाही.